आईच्या मापाचा ओटा

७ सप्टेंबर

ताई,

फोन करणार होतो, पण फोन हॉलमध्ये आणि आई दिवसभर फोनशेजारच्याच खुर्चीत. तिच्याबद्दल तिच्यासमोर काय बोलणार? म्हणून पत्र. शिवाय काम नकाशाचं आहे, आणि नकाशा काही फोनवरून काढता येत नाही.

मागच्या अंगणात स्वयंपाकघर बांधायचं मनात आहे. अगदी खोली नाही. एक ओटा, वर पत्रा, दोन बाजूंना कमरेइतकी भिंत, भांडी घासायला सिंक आणि एक शेगडी. आईसाठी. फेब्रुवारीतल्या आगीनंतर आईने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलेला नाही. पाणी हवं असलं तरी दारात उभी राहून हिला हाक मारते. ही म्हणते, "आई, अहो, तुमचंच घर आहे." तर आई म्हणते, "नको गं. माझा मलाच भरवसा नाही."

उघड्यावर केलं की पडदे नाहीत, लाकडी कपाट नाही, पेट घेण्यासारखं काहीच नाही. तिला हवं ते तिने रांधावं. मी रसायनशास्त्राचा मास्तर. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालून जाळी हवी, एवढं मला कळतं. पण ओटा किती उंच नि पाणी कुठे काढायचं, हे कळत नाही. तू तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढतेस, एक आपल्याही घराचा काढ.

जागा बारा फूट बाय नऊ. घराची भिंत लांब बाजूला येते, नळ डाव्या कोपऱ्यात.

बाकी ठीक. आईच्या स्मरणशक्तीच्या गोळ्या चालू आहेत. हातावरच्या भाजल्याच्या खुणा फिकट झाल्यात.

तुझा
बारक्या

१६ सप्टेंबर

बारक्या,

अठ्ठेचाळीस वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला बारक्या लिहिताना हसू येतं. पण दुसरं काही लिहिलं तर पत्र तुलाच आहे असं मला वाटायचं नाही.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि शेजारच्या टेबलावरचीला वाचून दाखवलं. म्हटलं, भाऊ असावा तर असा. दुसऱ्या कुणी स्वयंपाकघराला कुलूप घातलं असतं, तू आईसाठी नवं बांधायला निघालास. आग लागली त्या दिवशीही तू तिला एक शब्द बोलला नाहीस. मला शेजारच्या पोस्टमास्तरांच्या बायकोने सांगितलं, सगळी आळी जमली होती आणि तू आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, "असू दे गं आई, होतं असं या वयात." मी असते तर आधी ओरडले असते आणि मग रडले असते. मला तुझं खरंच कौतुक वाटतं.

आता कामाचं. गवंड्याला लगेच बोलावू नकोस. गवंडी आला की ओटा त्याच्या सवयीच्या उंचीचा होतो, घरातल्या बाईच्या नाही. आधी एवढं कर :

जागेच्या मधोमध उभा राहून एक कागद जाळ. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. धूर कुठे जातो ते लिही. शेजाऱ्यांच्या खिडकीत जात असेल तर शेगडी दुसऱ्या टोकाला न्यावी लागेल. मग बादलीभर पाणी ओत आणि ते कुठे जातं बघ. जिकडे जातं तिकडेच निचरा काढायचा, पाण्याशी भांडायचं नाही.

आणि आईची मापं घे. चप्पल घालून उभी कर. जमिनीपासून कोपरापर्यंत किती, पुढे हात कुठवर पोचतो, वर कुठवर जातो. दोन्ही हात वेगवेगळे मोज. त्यावर ओटा, नळ आणि भिंतीतली फळी ठरेल.

ताई

३० सप्टेंबर

ताई,

कागद जाळला. सकाळी धूर सरळ वर गेला, संध्याकाळी पोस्टमास्तरांच्या गच्चीवर. त्यांनी वरून विचारलं, "मास्तर, शाळेतले पेपर जाळताय की काय?" पाणी ओतलं ते आधी घराकडे वळलं आणि मग विचार बदलून नळाच्या कोपऱ्यात गेलं. म्हणजे उतार तिकडे.

आईची मापं घ्यायला गेलो तर म्हणाली, "अजून अवकाश आहे रे मला जायला." मग सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "बाहेर? बरं." एवढंच.

जमिनीपासून कोपर अडतीस इंच. पुढे हात बावीस इंचांपर्यंत. वर मात्र पंचाईत आहे. उजवा खांदा दिवाणखान्याच्या गेल्या रंगकामापासून धरलाय, म्हणजे दीड वर्ष झालं. उजवा हात खांद्याच्या वर अजिबात जात नाही. वेणीसुद्धा ही घालून देते. डावा कानापर्यंत जातो, पण त्यात जोर नाही, पाण्याचा तांब्याही वर उचलवत नाही. त्यामुळे फळी खालीच घे.

आणखी एक सांगतो. आईने रक्तदाब मोजायचं यंत्र आणि सुयांचा डबा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात देऊन टाकला. छत्तीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाल्यावरही आळीतले लोक ड्रेसिंगला, इंजेक्शनला तिच्याकडेच यायचे. आता दारातून परत पाठवते. "माझ्या हातून कुणाचं वाईट व्हायला नको," म्हणते. आणि एक वही केली आहे, वॉर्डात असायची तशी. त्यात लिहिते : "दिवा बंद केला, ९.१०. पाहिला, ९.१५. पुन्हा पाहिला, ९.३०."

ओटा लवकर होऊ दे, ताई. मला ती वही बघवत नाही.

बारक्या

९ ऑक्टोबर

बारक्या,

सोबत पहिला नकाशा आहे. ओटा चौतीस इंच, कोपराच्या चार इंच खाली. कणीक मळताना खांदे वर चढायला नकोत. शेगडी उजव्या टोकाला, घराच्या भिंतीपासून दोन फूट सोडून. सिंक नळाकडे. फळी एकच, छातीच्या उंचीवर. पत्रा पुढे तीन फूट काढलाय, पाऊस तिरका आला तरी शेगडीवर येऊ नये म्हणून. आईला बसायला म्हणून डाव्या बाजूची भिंत थोडी रुंद केली आहे.

नकाशा काढताना एक गोष्ट डोक्यात बसली ती जात नाही. आगीनंतर मी दोन दिवस आले होते, तेव्हा जळकी कढई भंगारात मीच टाकली. ती मोठी लोखंडी होती. ती तर माळ्यावर असायची ना? चार पाहुणे आले की स्टुलावर चढून खाली काढायची. रंगकाम दीड वर्षापूर्वीचं, म्हणजे आग लागली तेव्हा आईचा खांदा धरलेलाच होता. जिला तांब्या वर उचलवत नाही, तिने ती कढई माळ्यावरून काढली कशी?

वहिनी त्या दिवशी माहेरी गेली होती. घरात तुम्ही दोघंच होतात.

तुला काही आठवतं का?

ताई

२ नोव्हेंबर

ताई,

उशीर झाला. सहामाहीचे पेपर तपासत होतो.

कढईचं तू विचारलंस. ती मीच काढून दिली होती. आई म्हणाली, काढून दे, म्हणून दिली, आणि मी पोस्टमास्तरांकडे गेलो. त्यांनी नवी फटफटी घेतली होती ती बघायला. तेवढ्यात ते झालं. तेव्हा सांगायचं राहून गेलं.

नकाशा सुरेख आहे. गवंडी येऊन बघून गेला. तो म्हणतो, ओटा छत्तीस इंचच बरा दिसतो. मी म्हटलं, दिसायला नाही करायचा.

परवा आईला न्हाणीघरात चक्कर आली. गुडघा सुजलाय, मोडलं काही नाही. डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांनी थोडी गुंगी येते, सवय होईल.

बारक्या

१० नोव्हेंबर

बारक्या,

मला माफ कर. गेला महिनाभर माझ्या मनात तुझ्याबद्दल भलतंसलतं येत होतं. तुझं उत्तर येईना तसतशी माझी खात्रीच पटत चालली होती. आणि तू बिचारा पेपर तपासत होतास. कढई तू काढून दिलीस, इतकी साधी गोष्ट. माझ्याच डोक्यात जळमटं.

आता संशय घेतलाच आहे तर माझंही पोटातलं ओठावर आणते. कुणाला सांगितलेलं नाही.

एप्रिलमध्ये मी इथला एक वृद्धाश्रम बघून आले. स्वच्छ आहे, बाग आहे. मी आईचं नाव प्रतीक्षायादीत घातलं. तुला विचारलं नाही, आईला तर नाहीच. माझी खोली एक, मी एकटी, जिने चढायचे, अशी मनाशी कारणं तयार ठेवली होती. खरं कारण हे की आई विसरायला लागली असं कळल्यावर मला वाईट वाटलं, पण त्याच्या खाली, अगदी तळाशी, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आजारी माणसाची व्यवस्था करता येते. धडधाकट आईला "माझ्याकडे येऊ नकोस" कसं सांगणार?

आणि डॉक्टरांकडे तिला नेलं तेव्हा विसराळूपणाची तीन उदाहरणं मीच दिली होती, आठवतं? चष्मा हरवला, किल्ली विसरली, माझा वाढदिवस चुकला. चष्मा तर मीही दिवसातून दोनदा शोधते. आई शेजारी बसून मुकाट्याने ऐकत होती. तिने एकदाही "असं नाही" म्हटलं नाही. मला वाटलं, तिला पटलंय.

तू तिच्यासाठी ओटा बांधतोयस आणि मी यादीत नाव घालून बसलेय. लाज वाटते रे. उद्या जाऊन नाव काढून येते.

ताई

१८ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र शाळेत आलं होतं. प्रयोगशाळेत दार लावून वाचलं. नंतरचा तास मी घेतला नाही.

तू माझी माफी मागितलीस. ते वाचल्यावर मला आता गप्प बसता येत नाही. कढई मी आईला काढून दिली नव्हती. मी माझ्यासाठी काढली होती.

रविवार होता. ही माहेरी, आई आतल्या खोलीत जेवून झोपलेली. मला बटाट्याच्या काचऱ्या तळून खाव्याशा वाटल्या. छोटी कढई घासायला पडलेली, म्हणून मोठी काढली. तेल ओतलं, शेगडी पेटवली. तेवढ्यात फाटकाशी पोस्टमास्तरांनी हॉर्न वाजवला. फटफटी बघायला बाहेर गेलो. ते म्हणाले, "बसा, एक चक्कर मारू." मी बसलो. ताई, मला आठवण होती. बसताना आठवण होती की तेल ठेवलंय. मनात म्हटलं, दोन मिनिटांत येतो. आम्ही तलावापर्यंत गेलो.

रोज वर्गात सांगतो : पेटता बर्नर सोडून जागेवरून हलायचं नाही. फळ्याच्या वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

परत आलो तेव्हा आग विझली होती. आईने विझवली होती. धुराने जागी झाली, पलंगावरची चादर ओली केली, कढईवर टाकली, गॅस बंद केला. पडदा हाताने ओढून खाली पाडला, त्यात हात भाजले. नर्सच ती. मी पोचलो तोवर आळी जमली होती. आई काळ्या भिंतीसमोर उभी, झोपेतून उठलेली, केस सुटलेले. कुणीतरी म्हणालं, "काकूंनी तेल ठेवलं आणि झोपल्या वाटतं." आईने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मी ठेवलं होतं का रे?"

मला वाटतं मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. पण समोर पोस्टमास्तर होते, त्यांची बायको, दोन पालक, शाळेचा शिपाई. आईने पुन्हा विचारलं, "मला काही आठवत नाहीये. मीच का?"

तेव्हा मी ते म्हणालो. असू दे गं आई, होतं असं या वयात.

आणि लोक माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले.

संध्याकाळी सांगू, असं ठरवलं. संध्याकाळी तिच्या हाताला मलम लावताना ती मलाच म्हणाली, "रागावलास का?" त्यानंतर सांगणं अवघड झालं. मग ही आली, मग तू आलीस, मग डॉक्टर. प्रत्येक दिवशी कालच्यापेक्षा जास्त सांगायचं साठत गेलं. स्टाफरूममध्ये मी आईच्या विसराळूपणाचे किस्से सांगायला लागलो. मुख्याध्यापकांनी माझे दोन तास कमी केले, घरी आजारी आई म्हणून.

ओटा मी तिच्यासाठी बांधत नव्हतो. रोज स्वयंपाकघराच्या दारात ती उभी दिसते, ते मला बघायला नको होतं.

आता तुला सांगितलं. थोडं हलकं वाटतंय.

बारक्या

२५ नोव्हेंबर

हलकं वाटतंय?

मला सांगून तुझं ओझं उतरलं असेल, आईचं एका काडीनेही उतरलेलं नाही. ती अजून नऊ वाजून दहा मिनिटांनी दिवा बंद केल्याचं लिहितेय. नसलेल्या आजाराच्या गोळ्या खाऊन न्हाणीघरात पडतेय. आणि तू मला पत्र लिहून पुन्हा पेपर तपासायला बसला असशील.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. तू एक खोटं बोललास आणि ते मला सोयीचं होतं म्हणून मी प्रश्न विचारले नाहीत. कढई माझ्या हातात होती, भंगारवाल्याला देताना दोन हातांनी उचलावी लागली होती. तेव्हाच कळायला हवं होतं. त्याबद्दल आईशी मी माझं बोलेन.

पण आधी तू. तिला सांग. चिठ्ठी नको, वहिनीच्या तोंडून नको, समोर बसून सांग. रविवारपर्यंत वाट बघते. सोमवारी मी हॉलमधल्या फोनवर फोन करीन आणि तो आईच उचलेल.

ओट्याचा दुसरा नकाशा तयार आहे. पाठवत नाही.

ताई

७ डिसेंबर

ताई,

सोमवारी फोनवर आई तुझ्याशी जेमतेम मिनिटभर बोलली आणि "नंतर बोलू" म्हणून ठेवून दिला, म्हणून तू घाबरली असशील. काय झालं ते सगळं लिहितो. काही गाळत नाही.

रविवारी सकाळी अकराला हिलाही हॉलमध्ये बसवलं. आई वहीत काहीतरी लिहीत होती. मी म्हटलं, "आई, तेल मी ठेवलं होतं."

"कुठलं तेल?"

"फेब्रुवारीतलं. आगीचं."

तिने चष्मा काढला. "किती वाजता?"

"पावणेचार."

"मग मी?"

"तू झोपली होतीस. तू काहीच केलं नव्हतंस. तू फक्त विझवलीस."

तिने वही मिटली. मला वाटलं रडेल. रडली नाही. वॉर्डात कनिष्ठ नर्सला विचारायची तसं एकेक विचारत गेली. गॅस मोठा होता की बारीक? तेल किती होतं? बाहेर किती वेळ होतास? मी सांगत गेलो. मग म्हणाली, "म्हणजे मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी दोनदा विचारलं होतं."

"हो."

मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "सकाळी डोळे उघडले की मी आधी तुमची नावं म्हणते. तुझं, ताईचं, सुनेचं, तुझ्या बाबांचं. मग वॉर्डातल्या मुलींची. रोज. एखादं गेलं का बघायला. दहा महिने झाले." आणि थोड्या वेळाने, "एकही गेलं नव्हतं. तरी मला वाटायचं, उद्या जाईल."

ताई, मी तिच्या पायाशी बसलो. तिने पाय मागे घेतले.

ही उठून आत गेली. जाताना म्हणाली, "दहा महिने मी आईंच्या मागे मागे फिरले, दिवे नि नळ तपासत. त्या माझ्याकडे बघून कसनुसं हसायच्या. आणि तुम्ही समोर बसून पेपर वाचायचात." त्यानंतर आजपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मला वाटलं, संपलं. पण आई म्हणाली, "पोस्टमास्तरांना सांगितलंस?"

"नाही."

"चल."

चप्पल घातली आणि निघाली. गुडघा दुखतोय, पण माझा हात धरला नाही. पोस्टमास्तर झोपाळ्यावर बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांना कुठे बघावं कळेना. "चक्कर मारू या असं मीच म्हणालो होतो," असं काहीतरी पुटपुटले. त्यांची बायको म्हणाली, "बसा ना काकू, चहा टाकते."

आई म्हणाली, "चहा नको. अजून तीन घरं आहेत."

तिन्ही घरी नेलं तिने मला. पहिल्या घरी एकेक शब्द शोधावा लागला. चौथ्या घरी पोचेपर्यंत वाक्यं पाठ झाल्यासारखी यायला लागली, आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. शिपायाच्या घरी त्याची म्हातारी आई आईला जवळ घेऊन म्हणाली, "मला वाटलंच होतं, बाई असं करणाऱ्यातली नाही." आई तेवढ्यापुरती रडली.

सोमवारी ती मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात हे तिनेच मला रिक्षात सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आई दोनपर्यंत न थांबता उतरली आणि म्हणाली, "आता याला विचारा." मी एकोणऐंशीला अडकलो.

शाळेत मी मुख्याध्यापकांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "तास परत देतो," आणि खाली बघून कागद चाळायला लागले. स्टाफरूममध्ये आता मी गेलो की गप्पा थांबतात.

काल आईने बॅग भरली. म्हटलं, मी पोचवायला येतो. "नको. मी एकटी जाईन. पाटी वाचता येते मला." आज सकाळच्या बसने निघाली. संध्याकाळी पाचपर्यंत तुझ्याकडे पोचेल. स्टँडवर जाऊ नकोस, तिला आवडणार नाही. हे पत्र तुला ती पोचल्यानंतर मिळेल, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

बारक्या

२१ जानेवारी

बारक्या,

हे पत्र मी लिहिते आहे, ताई नाही. अक्षर ओळखशीलच.

इथे आले त्या दिवशी ताईने जिन्यातच माझे पाय धरले आणि वृद्धाश्रमाचं सांगून टाकलं. सामान हातात घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत मी ते ऐकलं. तिला म्हटलं, आधी बसू दे. नंतर चार दिवस मी तिच्याशीही बोलले नाही. एका खोलीत न बोलता राहणं फार अवघड असतं, पाचव्या दिवशी मीच कंटाळले. जिने मला जमतात.

गोळ्या पूर्ण बंद झाल्या. चक्कर येत नाही. इथल्या तळमजल्यावरच्या बाईंच्या पायाला जखम आहे, साखरेमुळे भरत नव्हती. रोज सकाळी ड्रेसिंग करते. पहिल्या दिवशी मध्येच थांबले. कात्री खाली ठेवली, श्वास घेतला आणि पुन्हा उचलली. आता नाही थांबत. जखम भरत आलीय.

ओट्याबद्दल. ताईने दोन्ही नकाशे दाखवले. हुशार आहे ती. पत्रा पुढे काढलाय ते फार बरं केलं. तुमची हौस असेल तर बांधा, उन्हाळ्यात सुनेला बाहेर बरं वाटेल. पण माझ्या नावावर बांधू नका. तू मापं घ्यायला आलास तेव्हा मी "बरं" म्हणाले, कारण मला वाटलं, आता मला हळूहळू घराबाहेर काढायला लागलेत, आधी अंगण, मग फाटक. ते मी तुला तेव्हा बोलले नाही. मला आतलं स्वयंपाकघर हवं आहे. सत्तावीस वर्षं तिथे उभी राहिले. आले की तिथेच उभी राहीन. सुनेला हे विचारून ठेव, ती हो म्हणाली तरच.

कधी येईन ते आत्ता सांगत नाही. मी अजून रागावलेली आहे. कुणी म्हणेल, आईने एवढं धरून बसू नये. पण तेल सोडून गेलास त्याचा मला राग नाही. अशी चूक कुणाकडूनही होते, डॉक्टरांकडूनही होते. मी माझ्याच डोक्याला घाबरून जगत होते आणि तू ते रोज बघत होतास, त्याचा आहे. तो केव्हा जाईल मला माहीत नाही. मुद्दाम धरून ठेवलेला नाही, एवढं खरं मान.

ताईच्या टेबलाच्या खणात तुझी सगळी पत्रं सापडली. ताईला विचारून वाचली, आणि तिने तुला काय काय लिहिलं तेही तिच्याकडून ऐकलं. दोघांनी किती लिहिलंय माझ्याबद्दल. माझं कोपर किती इंचावर आहे, मी काय विसरते, माझं काय करायचं. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते, आणि दोघांपैकी एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही.

यापुढे पत्र लिहायचं असेल तर मला लिही. ताईला माझ्याबद्दल लिहू नकोस. पत्ता तोच आहे, वर नाव माझं घाल.

आई